किल्ली हातीं देण्यापूर्वीं

पनवेल हें गांव रस्त्यांवर वाढलेलें आहे. बोरघाटांतून चाकाची गाडी जाऊं शकेल असा रस्ता १८३० सालीं खुला झाला. त्या काळीं मुंबईचा प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून गाडी करून घाटाकडे जाई. बैलगाड्यांचीं चाकें करण्याचा धंदा येथें पुष्कळ चाले. पुढें गोव्याचा रस्ता पळस्प्यास फुटून वासुदेव बळवंत फडके यांच्या शिरढोणावरून, कर्नाळ्याच्या पायथ्यानें कोंकणांत उतरूं लागला. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला, त्याचेंही तोंड आमच्या कळंबोलीसच. आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्‌घाटन झालेला अटल सेतु समुद्र ओलांडून शेजारच्या उरण तालुक्यांत येऊन टेकला आहे. इतके रस्ते ज्या गांवाच्या उशापायथ्याशीं आहेत, त्या गांवच्या मुलांस वाहनाचें वेड लागावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें वडील मंडळींचें. समुद्रकांठचा कोळी आपल्या पोरास भरतीओहोटी शिकविल्यावांचून होडी हातीं देत नाहीं. आम्ही सुशिक्षित म्हणविणारे मात्र रस्त्याच्या कांठीं राहून मुलास रस्ता शिकवीत नाहीं. वाहन तेवढें घेऊन देतों.

आम्हीं तीसाहून अधिक वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. हाताखालून गेलेल्या मुलांपैकीं एकाची आठवण अशी आहे कीं ती लिहावी कीं न लिहावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण त्याचे आईबाप याच गांवांत आहेत. मुलगा मोठा चुणचुणीत; शब्दरूपें चालीवर म्हणे आणि दुसऱ्याचें चुकलें तर बाकावरूनच सुधारी. बारावीस त्यानें चांगले गुण मिळविले, म्हणून वडिलांनीं त्यास मोटारसायकल बक्षीस दिली. श्रावणांतली एक पावसाळी रात्र, गोव्याचा रस्ता, कडेला दिवा न लावतां उभी असलेली मालमोटार. हेल्मेट घरींच राहिलें होतें. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, बक्षीस मींच दिलें हो.”

या वाक्याला उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. परंतु त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनांतून गेला नाहीं, आणि जेथें जें कांहीं वाचावयास मिळालें तें आम्हीं या दृष्टीनें वाचलें. आज त्यांतलें थोडें वाचकांपुढें ठेवतों.

पुण्याच्या कल्याणीनगरांत १९ मे २०२४ च्या उत्तररात्रीं जें घडलें तें सर्वांच्या स्मरणांत असेल. सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचें पोलिसांनीं सांगितलेल्या, नोंदणीही पुरी न झालेल्या एका महागड्या मोटारीनें दुचाकीवरील दोघां तरुण अभियंत्यांस उडविलें. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेंही जागच्या जागीं गेलीं. मुलास त्याच दिवशीं जामीन मिळाला, व जामिनाच्या अटींत अपघात या विषयावर तीनशें शब्दांचा निबंध लिहावा अशी एक अट होती. साऱ्या देशांत गहजब झाला, आणि पुढें मंडळानें आपला हुकूम बदलून मुलास निरीक्षणगृहांत पाठविलें. जून महिन्यांत उच्च न्यायालयानें त्यास सोडण्याचा आदेश दिला. खटल्याच्या बऱ्यावाईटांत शिरण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण निबंध हा आमच्या धंद्याचा विषय, म्हणून एवढें म्हणतों. लोक निबंधाला हंसले, तें आम्हांस लागलें. निबंध ही हंसण्याजोगी वस्तु नव्हे. मात्र तो कोणत्या दिवशीं लिहावयास सांगावा याला अर्थ आहे. तोच निबंध वाहनाची किल्ली मागावयास आलेल्या मुलाकडून त्याच्या बापानें लिहवून घेतला असता, तर त्याला कोणी हंसलें नसतें. शिवाय तो निबंध एकट्या मुलानेंच कां लिहावा, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, चौथ्या अधिकरणाच्या शेवटीं, वाहनाच्या अपघाताचा विचार केलेला आहे. हांकणारा अज्ञान असेल, म्हणजे व्यवहाराच्या वयास आलेला नसेल, तर गाडींत बसलेल्या मालकास दंड. मालक नसेल तर जो आंत बसला असेल त्यास. आणि पोराच्या हातीं असलेली किंवा बिनमाणसाची गाडी राजानें सरळ जप्त करावी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत तर याचा कीस काढला आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, ‘बाजूला व्हा’ असें ओरडूनही कोणी हटला नाहीं, अशा प्रसंगीं दोष नाहीं. परंतु हांकणाऱ्याच्या अकौशल्यामुळें गाडी वाटेवरून सुटून इजा झाली, तर मालकास दंड. हांकणारा कुशल असून अपघात झाला, तर दंड त्याचा त्याला. आणि हांकणारा अनाडी आहे हें ठाऊक असूनही जे गाडींत बसले, त्या सर्वांस प्रत्येकीं शंभर! मनुस्मृतींतील सगळेंच आज कोणी शिरोधार्य मानणार नाहीं व मानूंही नये, पण हा शेवटचा नियम आम्ही वर्गांत सांगत असूं तेव्हां मुलांस फार गंमत वाटे. मित्राच्या मागें तिघे तिघे बसून महाविद्यालयांत जाणाऱ्यांस तो आजही ऐकविण्यासारखा आहे.

आपल्या संसदेनें २०१९ सालीं मोटारवाहन कायद्यांत सुधारणा केली, तिनें जणूं हीच जुनी वाट धरली. १९९-अ या नव्या कलमाप्रमाणें अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. आपल्याला हें ठाऊक नव्हतें, किंवा मुलानें न विचारतां गाडी नेली, असें बापाला सिद्ध करावें लागतें. सिद्ध करण्याचा भार बापावर आहे, ही गोष्ट आमच्या परिचयाच्या अनेक घरांत कोणास ठाऊकच नाहीं. ‘कोपऱ्यावरून दूध तर आणावयाचें’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातीं स्कूटर देणारी आई आम्हीं याच आळींत पाहिली आहे. कोपऱ्यापर्यंतचा रस्ता हाही रस्ताच असतो.

आतां वेगाकडे वळूं. तरुणांशीं बोलतांना ‘सावकाश जा’ म्हणण्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. तें ऐकून ऐकून बोथट झालें आहे. आम्ही त्याऐवजीं फळ्यावरचें गणित घालतों. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें १७ मीटर. ताशीं १०० म्हणजे २८. आमचा वर्ग आठ मीटर लांब होता. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरलें, तर शंभरच्या वेगांत तेवढ्यांतच साडेतीन वर्ग मागें पडतात, आणि ब्रेक लागूं लागल्यावरही कोरड्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्न मीटर गाडी जातेच. म्हणजे एकूण दहा वर्ग. पन्नासच्या वेगांत हाच हिशेब साडेतीन वर्गांत आटोपतो. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. आणि रस्ता ओला असला तर याहूनही वाढतें. पहिला पाऊस पडतो तेव्हां धूळ आणि तेल मिळून रस्त्यावर जो राडा होतो, त्यावर तर हिशेबच चालत नाहीं.

बरें, मिळतें काय? कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा द्रुतगति मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. शंभरनें गेलें तर ५७ मिनिटें, एकशेंवीसनें गेलें तर ४७. तीं वांचलेलीं दहा मिनिटें मुलगा पुण्यास पोंचून कशांत घालवितो, हें कोणीही त्यास प्रामाणिकपणें विचारून पाहावें.

नलाची गोष्ट आम्हांस या ठिकाणीं नेहमीं आठवते. ऋतुपर्ण राजास विदर्भास नेतांना बाहुकरूपी नलानें रथ असा पिटाळला कीं राजाचें उत्तरीय खांद्यावरून उडालें. राजा म्हणाला, थांब, तें आणवूं. नल म्हणाला, तें आतां एक योजन मागें राहिलें. परत मिळणें नाहीं. अश्वविद्येंत नलासारखा दुसरा कोणी नव्हता, तरी वेगांत गेलेली वस्तु त्यालाही परत आणतां आली नाहीं. राजाचें उत्तरीयच गेलें हें त्याचें भाग्य.

द्रुतगति मार्गावर घडलेल्या दोन घटना आमच्याच परिसरांतील असल्यामुळें विशेष सांगण्याजोग्या आहेत. ५ जून २०१६ च्या पहांटे शेडुंगजवळ दोन मोटारी उभ्या होत्या. एकीचें चाक बदलण्याचें काम चाललें होतें. मागून आलेली प्रवासी बस त्यांवर आदळून खालीं गेली आणि सतरा माणसें दगावलीं. चाक पंक्चर होणें हा गुन्हा नव्हे. पण अशा मार्गावर गाडी बंद पडली तर ती जितकी डावीकडे नेतां येईल तितकी न्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावे, मागें लांबवर त्रिकोण ठेवावा, आणि सर्वांनीं, विशेषतः बायकामुलांनीं, गाडींतून उतरून कठड्यापलीकडे जाऊन उभें राहावें. गाडींत बसून वाट पाहणें हेंच सर्वांत धोक्याचें. दुसरी घटना जुलै २०२४ मधील. आषाढीस पंढरपुरास निघालेल्या डोंबिवलीकडील वारकऱ्यांची बस रात्रीं एका ट्रॅक्टरवर आदळून खड्ड्यांत कोसळली. पांच जण गेले. त्या मार्गावर ट्रॅक्टरास मुळीं मज्जावच आहे. तात्पर्य हें कीं, जें तेथें असूं नये तेंही तेथें असूं शकतें, असें धरूनच चालवावें लागतें.

घाट उतरतांना पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारे महाभाग आहेत. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना असें केलें कीं सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळीं धरत नाहींत. ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतला सूत राजास काय सांगतो? जमीन उंचसखल होती म्हणून लगाम ओढून वेग कमी केला. आतां सपाटी लागली, आतां हरीण दूर नाहीं. राजा घाईंत, हरीण पुढें पळतें आहे, तरी सूतानें जमीन पाहूनच घोडे सोडले. कालिदासानें सारथ्य केलें होतें कीं नाहीं देव जाणे, पण सारथी त्यानें नीट न्याहाळले होते खास.

सगळा दोष तरुणांवर टाकणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. रस्त्यावरील खड्डे, बिनदिव्याच्या मालमोटारी, तुटके कठडे, जेथें फलक हवा तेथें नसणें, हे दोष चालविणाऱ्याचे नव्हत. २०१६ पासून द्रुतगति मार्गावर महामार्ग मंडळ व एक स्वयंसेवी संस्था यांनीं मिळून मृत्यु शून्यावर आणण्याचा उपक्रम चालविला, तेव्हां कठडे, फलक, उभ्या वाहनांवर नजर अशा साध्या गोष्टींनींच मृत्यूंचा आंकडा उतरूं लागला. स्वीडन देशानें १९९७ सालीं हेंच तत्त्व कायद्यानें स्वीकारलें, कीं माणूस चुकणारच, पण त्याची चूक प्राणावर बेतूं नये असा रस्ता बांधावा. हें सरकारकडे मागत राहिलें पाहिजे. तोंवर डोकें आपलें आहे.

डोक्यावरून हेल्मेटची गोष्ट. (‘शिरस्त्राण’ हा शब्द आम्हांस प्रिय, पण दुकानदारास तो कळत नाहीं.) केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, त्यांपैकीं ५०,०२९ हेल्मेट न घातलेलीं होतीं. एका वर्षांत पन्नास हजार! आणि यांत मागें बसणाऱ्यांचा वांटा लहान नाहीं. आमच्या भगिनीवर्गास येथें एक विनंति आहे. मुलगा हेल्मेट घालतो, सून घालीत नाहीं, कारण केंस विसकटतात. आणि मध्यें बसविलेलें पोर तर उघडेंच असतें. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकास तें सांगतो. मोटारींतही तीच गत. पुढच्यांनीं पट्टा लावावयाचा आणि मागें बसणाऱ्या वडिलधाऱ्यांनीं तो पाठीखालीं दडपून ठेवावयाचा, अशी रीत पडली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ उद्योगपति सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. मागें बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वांचले. मागच्यांनीं पट्टे लावले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें.

आमच्या घरीं हा विषय सध्यां वादाचा आहे. नातू यंदा अठरा वर्षांचा झाला. त्याच्या वडिलांनीं त्यास दुचाकीचें वचन देऊन ठेवलें आहे; सूनबाई नको म्हणते; त्याची काकू म्हणते, सगळ्यांच्या मुलांजवळ आहे, यालाच कां नाहीं? शेवटीं प्रकरण आमच्यापुढें आलें. नातू म्हणाला, “आजोबा, परवाना काढला तरी तुम्ही नाहीं म्हणाल, मग काढून काय उपयोग?” आम्ही म्हणालों, आम्ही नाहीं म्हणणार नाहीं, पण वचन तुझ्या वडिलांनीं दिलें आहे, तेव्हां शिकविण्याचें कामही त्यांचें. सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना काढ. तीस दिवसांनीं चांचणी देतां येते, पण आपण तीस दिवसांत देऊं नये. पाऊस एक काढावा, रात्र थोडी काढावी, मागें कोणास न बसवितां काढावी. परवाना मिळाल्यावरही पहिलें वर्षभर द्रुतगति मार्गाचा प्रश्नच नाहीं, कारण तेथें दुचाकीस बंदीच आहे. गोव्याच्या रस्त्यावर रात्रीं जावयाचें नाहीं. त्यानें हें ऐकून घेतलें. मग हळूच विचारलें, “बाबा स्वतः सिग्नल तोडतात, त्याचें काय?”

या प्रश्नानें घरांत थोडा वेळ शांतता पसरली. खरें पाहतां मुलगा अठराव्या वर्षीं वाहन शिकत नाहीं. तिसऱ्या वर्षीं बापाच्या पुढ्यांत टाकीवर बसतो तेव्हांपासून तो शिकत असतो, आणि पंधरा वर्षें पाहिलेलें तीस दिवसांच्या शिकवणीनें पुसलें जात नाहीं. आमचे चिरंजीव त्या दिवसापासून सिग्नलपाशीं थांबूं लागले आहेत, निदान मुलगा मागें असेल तेव्हां.

एकत्र कुटुंबांत आणखी एक दोष आहे, तो आमच्या लक्षांत उशिरां आला. चालवितांना मोबाईल घेऊं नको असें मुलास बजावणारे आम्हीच, आणि तो निघाला कीं वीस मिनिटांत ‘कोठपर्यंत आलास?’ म्हणून फोन करणारेही घरचेच. आजीनें केला, मग आईनें केला, मग काकूला कांहीं आणावयाचें आठवलें. फोन वाजतो तो बाहेरच्याचा नसतो, घरच्याचा असतो. आणि न उचलला तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो म्हणून बिचारा उचलतो. ताशीं साठच्या वेगांत दोन सेकंद पडद्याकडे पाहिलें तर तेहतीस मीटर रस्ता आंधळेपणानें कापला जातो. आतां आमच्याकडे ठरलें आहे, कीं तो पोंचल्यावर स्वतः कळवील. तोंवर कोणीही फोन करावयाचा नाहीं. पहिले कांहीं दिवस आमच्या सौभाग्यवतींस हें फार जड गेलें. दारांत येरझारा घालीत, पण फोन केला नाहीं.

दुसरा दोष रात्रीं निघण्याचा. गणपतीस गांवीं जावयाचें तर दिवसभर कचेरींत काम करून, रात्रीं जेवून, दहा वाजतां मोटार काढावयाची आणि पहांटे पोंचावयाचें, ही पनवेल-मुंबईकडील कोंकण्यांची पिढीजात रीत होऊन बसली आहे. पहांटे तीन ते पांच ही वेळ अशी असते कीं उघड्या डोळ्यांनीं झोंप लागते. गाणीं लावून, चहा पिऊन ती फार वेळ टळत नाहीं. तिला औषध एकच, तें म्हणजे गाडी सुरक्षित जागीं थांबवून अर्धा घटका झोंप घेणें. दुष्यंत आश्रमांत शिरण्यापूर्वीं सूताला सांगतो, मी येईपर्यंत घोड्यांच्या पाठीवर पाणी घाल. स्वतः राजा, मागें राज्याचा व्याप, पण घोडे दमले आहेत हें त्यास दिसलें. आमच्या मोटारींतल्या घोड्यांना दम लागत नाहीं, म्हणून चालविणाऱ्यालाही तो लागत नसेल असें आम्ही धरून चालतों.

आणि वाटेंत दुसऱ्याचा अपघात दिसला तर? पोलिसांचा ससेमिरा मागें लागेल या भीतीनें लोक पुढें निघून जातात. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं आणि मागाहून २०१९ च्या सुधारणेनें, मदत करणाऱ्यास असा त्रास देतां येणार नाहीं, त्यास आपलें नांवही सांगण्याची सक्ती नाहीं, असें स्पष्ट केलें आहे. नातवास आम्हीं हें प्रथम सांगितलें, आणि त्याबरोबर १०८ हा रुग्णवाहिकेचा आंकडा.

शिकाऊ परवान्याचे दोन महिने झाले. वाहन अद्याप घेतलेलें नाहीं. रविवारीं सकाळीं वडिलांच्या गाडीवर सराव चालतो, वडील मागें बसतात आणि परत आल्यावर कोण कोठें चुकलें याबद्दल दोघांचें भांडण होतें. यंदा गणपतीस दिवसाउजेडीं निघावयाचें असें घरांत ठरलें आहे. त्याकरितां एक दिवस अधिक रजा काढावी लागणार म्हणून थोरल्या चिरंजीवांनीं कुरकुर केली, पण कालच त्यांनीं कचेरींत अर्ज दिला.